ढेपेसह वीस किलोमीटर

मी स्वभावानं भित्रा नाही, काळजी करणारा आहे. हा फरक आमच्या घरात कुणालाच मान्य नाही. गॅस बंद केलाय का ते बघायला मी एकदा शिरूरच्या स्टँडवरून घरी परत आलो होतो. गॅस बंद होता आणि तेवढ्यात एसटी निघून गेली. त्यावरून माझी काळजी फुकटची होती असं सुलक्षणाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं. गॅस चालू असता तर काय झालं असतं, याचं उत्तर तिनं अजून दिलेलं नाही.

अशा माणसावर बर्फात ट्रेकला जायची वेळ आली, ती पूर्णपणे पोपटरावामुळं.

झालं असं की आमची सायली पुण्याला नोकरीला आहे, तिनं उत्तराखंडातल्या एका बर्फातल्या ट्रेकसाठी नाव घातलं होतं. बरोबर जाणाऱ्या मैत्रिणीचं ऐनवेळी लग्न ठरलं आणि ती गळाली. सुलक्षणानं जाहीर केलं, "एकटीनं जायचं न्हाई. घरातलं कुणीतरी बरोबर पाहिजे." त्या दिवशी नेमका तिचा धाकटा भाऊ पोपटराव आमच्याकडं जेवायला होता. पोपटरावाचं गुऱ्हाळ आहे, आणि गेल्या दोन वर्षांपासून त्याला पळण्याचं वेड लागलेलं आहे. बसला तरी छाती पुढं काढून बसतो. तो म्हणाला, "मामा हाय की! दाजींना कशाला तरास?"

दाजी म्हणजे मी. त्या 'तरास' शब्दात माझं पोट, माझे गुडघे आणि माझी पाटबंधारे खात्यातली वरिष्ठ लिपिकाची खुर्ची असं सगळंच आलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाप धडधाकट असताना मामा कशाला?"

तेव्हा स्वयंपाकघरातून सुलक्षणाही काहीतरी म्हणाली होती. पण कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघं पुरुष एकमेकांच्या वजनाबद्दल बोलत असल्यामुळं ते राहून गेलं.

सायली माझ्याकडं बघत होती. "खरंच येताल, पप्पा?" तिनं विचारलं. तिला सायकल शिकवली तेव्हा मागचा हात सोडलाय हे कळल्यावर तिचा जसा चेहरा झाला होता, तसा झाला. आता माघार घेणं शक्य नव्हतं. पोरगी मोठी झाल्यावर बापाला कशात सामील करून घेते? फार तर मोबाईल दुरुस्त करून देते. ती मला बरोबर चला म्हणत होती. मला जायचंच होतं. आणि त्याच क्षणापासून माझी काळजी सुरू झाली.

ट्रेकवाल्यांची एक अट निघाली. पन्नाशीपुढच्या माणसानं पाठीवर दहा किलो वजन घेऊन एका दिवसात वीस किलोमीटर चालायचं आणि त्याचा व्हिडिओ रविवारी रात्रीपर्यंत पाठवायचा. नाही पाठवला, तर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा. पुढचं नाव सायलीनं मामाचं घातलं होतं. "राग मानू नका पप्पा, सोय म्हणून," असं म्हणाली. मी राग मानला नाही. मी फक्त दोन रात्री झोपलो नाही.

सराव ही खरं तर माणसानं गुपचूप करायची गोष्ट आहे. पण आमच्या गल्लीत मी नवे बूट घालून दोन फेऱ्या मारल्या आणि सल्ले यायला लागले. समोरच्या तानुबाई म्हणाल्या, रिकाम्या पोटी चालू नका. थोड्या वेळानं परत येऊन म्हणाल्या, भरल्या पोटी तर मुळीच चालू नका. मग कधी चालायचं, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. शेजारचे म्हस्कूआबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कुठल्याही प्रवासाची माहिती आपल्याला विचारूनच घ्यावी असं त्यांना वाटतं.

"न्हावऱ्याहून केडगावाकडं चालत?" आबा म्हणाले. "आरं, ऊसतोड सुरू हाय. बिबट्याचं घर मोडलंय. त्यो बी सध्या फिराय निघालाय."

"दिवसाढवळ्या?"

"त्येला काय घड्याळ हाय व्हय? मागनं येतोय आन् मानंलाच धरतोय." असं म्हणून आबांनी आतून एक चामड्याचा पट्टा आणला. त्याला सगळीकडून बाहेरच्या बाजूला खिळे. त्यांचा भाचा रानात पाणी धरायला जाताना गळ्यात घालतो म्हणे. "घाल. लाज धरू नगं. मान ऱ्हायली तर मान मिळंल."

मी नको म्हणणार होतो. पण नको म्हटल्यावर नेमका बिबट्या आला तर? पट्टा घेतला.

मग वजनाचा प्रश्न. विटा घालून बघितल्या, त्यांचे कोपरे बरगड्यांत घुसले. पीठ भरून बघितलं, जिन्यापासून दारापर्यंत रांगोळी पडली. शेवटी सुलक्षणानं गुळाची ढेप काढली. बरोब्बर दहा किलोची. पोपटरावानं नव्या वर्षाची भेट म्हणून सगळ्या नातेवाइकांत आणि निम्म्या तालुक्यात वाटली होती. ढेपेवर रंगीत कागद, कागदावर पोपटराव आणि त्याची बायको मुक्ता हात जोडून उभी, खाली 'हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छा कशाच्या ते न लिहिताही कळत होतं. आमच्या सासरवाडीकडची जिल्हा परिषदेची जागा बायकांसाठी राखीव झाली होती आणि मुक्ता उभी राहणार होती.

इथं एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉक्टरांनी माझी साखर काठावर असल्याचं सांगितल्यापासून मला गूळ बंद आहे. म्हणजे घरात आहे, मला बंद आहे. असं असताना सुलक्षणानं ती ढेप स्वतःच्या हातानं माझ्या पाठीवर बांधून दिली. तिचा माझ्यावर विश्वास होता, किंवा ढेपेच्या कडकपणावर होता.

राहता राहिला कॅमेरा. अनिस तांबोळी माझा शाळेपासूनचा मित्र. शिरूरला त्याचा 'निखत फोटो स्टुडिओ' आहे. निखत ही त्याची मुलगी. आयुष्यभर त्यानं लग्नं काढली, म्हणजे लग्नांचे फोटो काढले. रविवारी संध्याकाळी त्याला केडगावला एका हळदीचं काम होतं, तेव्हा जाता जाता मला वाटेत काढतो म्हणाला. त्याचा गुडघा दुखत असल्यामुळं तो स्कूटरवर बसणार आणि मी चालणार, असं ठरलं. मैत्रीत एवढं चालायचंच.

रविवारी उजाडता उजाडता न्हावऱ्याच्या चौकात मी उभा राहिलो. थंडी मरणाची. धुकं इतकं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस नुसता ऐकू येत होता. मी प्रत्येक सळसळीला मागं वळून बघत होतो. अनिसनं खांद्यावर लग्नातला मोठा कॅमेरा घेतला, वर दिवा लावला आणि ओरडला, "जोत्या, असा कोर्टात चालल्यावानी नको चालू. मान वर. जरा हास."

"अन्या, हा पुरावा आहे, लग्न नाही."

"फ्रेममधी माणूस बरा दिसला पायजे का न्हाई? हात जोड. हां! आता उजवीकडं बघून हात हालव."

"कुणाला?"

"कुणाला न्हाई. नवरदेव बी कुणाला हालवत नसतो."

मी हात हलवला. उगीच वाद नको म्हणून हलवला. पुढचं सगळं त्या हलवण्यातून निघालं.

आमच्या भागात पन्नाशीचा माणूस पाठीवर ओझं घेऊन चालत निघाला, तर त्याची दोनच कारणं असू शकतात. गाडी बंद पडली, नाहीतर घरात वाजलं. व्यायाम हे कारण गावाच्या हद्दीत धरलं जात नाही. त्यामुळं जो तो गाडी थांबवायचा आणि बसा म्हणायचा. न थांबलेला एकच माणूस भेटला, त्याच्या ट्रॅक्टरला ब्रेक नव्हते. नाही म्हणावं तर माणसं दुखावत. त्यात रस्ता बायकोच्या माहेरचा, म्हणजे मी सगळ्यांचा जावई.

"पाव्हणं, ताईशी भांडण झालं काय?" एकानं मोटारसायकल आडवी लावून विचारलं.

"नाही हो, सराव करतोय."

"कसला?"

"चालायचा."

"म्हंजी आत्तापतूर येत न्हवतं?"

मी हात जोडले. समोरून अनिस ओरडला, "वा! असंच ऱ्हा!" आणि त्यानं त्या माणसालाही सांगितलं, "मामा, जरा त्यांच्या बाजूनं दोन पावलं चाला. मोकळं मोकळं दिसतंय." मामा गाडी लावून चालायला लागले. त्यांचं बघून मागून येणारे दोघं चालायला लागले. कॅमेऱ्याचा दिवा दिसला की माणूस त्यात यायला बघतो, हा अनिसचा आयुष्यभराचा अनुभव आहे, आणि त्यानं तो माझ्यावर वापरला.

फाट्यावर साखरबाईंची चहाची टपरी आहे. तिथं पोचेपर्यंत आम्ही सात-आठ जण झालो होतो. साखरबाईंनी कॅमेरा बघितला, माझे जोडलेले हात बघितले, मागची माणसं बघितली, आणि चहा गाळता गाळता हळूच म्हणाल्या, "कळलं मला."

"काय कळलं?"

"जागा बायकांची हाय. तुमी हात जोडत चाललाय. म्हंजी सुलक्षणाताई उभी ऱ्हाती."

मी कप खाली ठेवला. "नाही, नाही! तसलं काही नाही!"

"तिकीट मिळंपतूर समदी असंच म्हणत्यात," साखरबाई म्हणाल्या.

मी जितक्या जोरात नाही म्हणालो तितका त्यांचा विश्वास वाढत गेला. एकजण म्हणाला, पाव्हणं पक्के हायती. दुसरा म्हणाला, सख्ख्या भावजयीच्या विरोधात, मग लपवणारच की. तिसरा कुठूनतरी झेंडूचा हार घेऊन आला. मी मान मागं घेतली, पण उशीर झाला होता. हार गळ्यात पडला आणि आबांच्या पट्ट्याच्या खिळ्यांत रुतला.

काढायला गेलो तर दोरा आणखी गुंतला. तेवढ्यात दुसरा हार आला. तो पहिल्याच्या वर रुतला. मग आणखी दोन. पट्ट्याचं बक्कल मानेच्या मागं, त्यावर आता फुलांचा थर. बिबट्यापासून मान वाचवायला घातलेला पट्टा आता मानाचे हार सोडेना. पुढचे कित्येक किलोमीटर मी 'मी कुणी नाही' असं सांगत चाललो होतो आणि गळ्यातले हार मला खोटं पाडत होते.

लोक गाऱ्हाणी सांगायला लागले. विजेची डीपी जळालीय, पंधरा दिवस झाले. वीज रात्री येते, आन् रात्री बिबट्या येतो, मग भिजवायचं कवा? पिंजरा मागितलाय, येत न्हाई. सगळी खरी गाऱ्हाणी. आणि मी म्हणून गेलो, "बघतो." ऑफिसात हा शब्द मी दिवसभर वापरतो, त्याचा अर्थ काही होणार नाही असा असतो. इथं तो ऐकून एका म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला एकदम अपराधी वाटलं.

फोन वाजला. सुलक्षणा.

"अहो, मी कुठं उभी ऱ्हायलीय?"

"कुठंच नाही! गैरसमज झालाय. मी निस्तरतो."

"मला सकाळधरनं फोन येत्यात. रतनमावशी म्हणली, तू उभी ऱ्हा, आमी समद्या हायेत." ती रागावलेली नव्हती. उलट तिच्या आवाजात काहीतरी वेगळंच होतं, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटली. "मला आजपतूर असं कुणी विचारलं न्हवतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लगेच दुसरा. पोपटराव. "दाजी! घरातल्या घरात घाव घातला!"

"अरे, मी ट्रेकचा सराव करतोय..."

"हार घालून? फोटू आलाय माज्याकडं. आन् काल सांच्याला आचारसंहिता लागली, म्हाईत हाय का? तुमी सरकारी मानूस! मी तायडीलाच इचारायला शिरूरला निघालोय."

आचारसंहिता लागली होती. मी आदल्या संध्याकाळी लवकर झोपलो होतो, पहाटे उठायचं म्हणून, आणि मी झोपेत असताना ती लागली होती. सरकारी नोकर, निवडणुकीच्या काळात, हार घालून, माणसं जमवून, हात हलवत, आणि हे सगळं स्वतःच्या खर्चानं चित्रित करत. माझ्या डोळ्यांसमोर निलंबनाचा आदेश आला. त्याची भाषासुद्धा दिसली, कारण असले आदेश आमच्या कार्यालयात मीच टाइप करतो.

मी लोकांना हात जोडून, जरा आडोशाला जाऊन येतो म्हणून सांगितलं आणि रस्त्यापासून आत एका बाभळीमागं जाऊन बसलो. पोटात सकाळपासून नुसता चहा. पाठीवरची पिशवी उतरवली, आणि तिच्यातून तो वास आला. मी माणूस आहे. कागद जरासा बाजूला केला, दगड घेतला, ढेपेचा एक कोपरा ठेचला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मग जो निघाला तो सगळा. आचारसंहिता, बिबट्या, पोपटराव, सगळे थोडा वेळ लांब गेले. अनिस रस्त्यावर पाठमोरा उभा होता. निदान मला तसं दिसलं.

भीमेचा पूल आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. हा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपतो आणि दौंड लागतो. पुढं सहा किलोमीटर आणि माझे वीस पुरे होणार होते. पुलाच्या मधोमध एक पांढरी गाडी आडवी उभी होती. गाडीवर पाटी: भरारी पथक.

चष्मेवाले साहेब उतरले. "नाव?"

"ज्योतिबा गव्हाणे."

"उमेदवाराचे कोण?"

"कुणीच नाही."

"मग हे हार?"

"निघत नाहीत, साहेब."

"गळ्यात काय आहे?"

"पट्टा. बिबट्यासाठी."

साहेबांनी पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "पुलावर बिबट्या?" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "पिशवीत काय?"

"वजन," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच कळलं की आपण संपलो.

पिशवी उघडली. ढेप बाहेर निघाली. कागदावर मुक्ता आणि पोपटराव हात जोडून हसत होते. साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. त्यांचा चेहरा उजळला. "उमेदवाराचा फोटो. फोडलेली ढेप. मतदारांना गुळाचं वाटप!"

तेवढ्यात पलीकडून दुसरी पांढरी गाडी आली. तीही भरारी पथकाची, पलीकडच्या तालुक्याची. तिच्यातून टोपीवाले साहेब उतरले आणि म्हणाले की केस त्यांची आहे, कारण इसम त्यांच्या हद्दीकडं चालला होता, म्हणजे पुढचं वाटप तिकडंच होणार होतं. चष्मेवाले म्हणाले, पिशवी अलीकडं उघडली. मला बाजूला सरकायला सांगितलं. मी सरकलो, तर टोपीवाले म्हणाले, आरोपीला हलवू नका. मी एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं ठेवून उभा राहिलो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ढेप जप्त केली तर निकाल लागेपर्यंत ती सांभाळावी लागणार आणि तिला आत्ताच मुंग्या लागलेल्या आहेत. तिथून पुढं दोन्ही साहेब केस एकमेकांना द्यायला लागले.

"काही असो, कॅमेरा जमा करा," चष्मेवाले शेवटी म्हणाले. "पुरावा आहे."

कॅमेरा गेला तर व्हिडिओ गेला, व्हिडिओ गेला तर सायलीबरोबर पोपटराव. आणि तेवढ्यात पोपटरावाची जीपच येऊन थांबली. तो माझ्यावर धावून यायच्या तयारीनं उतरला. मागून सुलक्षणा उतरली आणि तिच्यामागून सायली. सुट्टीला घरी आलेली ती, मामाबरोबर बापाला शोधायला निघाली होती. तिनं माझे हार बघितले, पट्टा बघितला आणि तोंडावर हात ठेवला. हसू दाबायला की रडू, मला कळलं नाही.

पोपटरावाची नजर ढेपेवरच्या कागदावर गेली. त्याची छाती खाली बसली. गुन्हा माझ्यावर नाही, मुक्तावर लागणार होता. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "दाजी. ओ दाजी. सांगा की सायबांना, तुमी वाटला न्हाई म्हणून."

"मी वाटला नाही, साहेब."

"मग हा एवढा कोपरा कुठं गेला?" साहेबांनी विचारलं.

खाली भीमेचं पाणी, वर माझ्या मानेवर चार हार, आणि समोर सुलक्षणा. वाटला म्हणालो तर मुक्ता गेली, नोकरी गेली, व्हिडिओ गेला. दुसरं उत्तर एकच होतं आणि ते सुलक्षणाच्या देखत द्यायचं होतं. सायलीकडं बघितलं. मला जायचं होतं तिच्याबरोबर.

"मी खाल्ला," मी म्हणालो.

"किती?" हा प्रश्न साहेबांचा नव्हता.

"थोडासा."

"थोडासा म्हंजी?"

"बाई, आम्हाला विचारू द्या," साहेब म्हणाले. "खाल्ल्याचा पुरावा काय?"

"हाय की," अनिस म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली. "जोत्या, राग मानू नको. मी वळून बघितलं आन् मला राहवलं न्हाई. लई चांगला उजेड पडला होता तुज्या तोंडावर."

कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती दोन्ही पथकं, पोपटराव, माझ्यामागून आलेलं सगळं गाव आणि माझं कुटुंब गोळा झालं. बाभळीमागं हार घातलेला एक माणूस चोरासारखा इकडंतिकडं बघतोय. दगडानं ढेप ठेचतोय. डोळे मिटून चघळतोय. बोटं चाटतोय. मग कागदाला चिकटलेलं नखानं खरवडतोय. ते खरवडणं मला आठवतच नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "परत एकदा लावा." परत एकदा लावलं.

"वाटप सिद्ध होत नाही," चष्मेवाले साहेब चष्मा पुसत म्हणाले. "प्रलोभन झालंय, पण मतदाराला नाही." त्यांनी मला समज दिली, गर्दीला पांगवलं आणि दोन्ही गाड्या आपापल्या तालुक्यात गेल्या. सायलीनं मागं उभी राहून एकेक फूल सोडवलं आणि पट्टा काढला. "पप्पा, अजून सहा राहिले ना? चला, मी येते बरोबर," ती म्हणाली.

मी पिशवी उचलायला वाकलो आणि कमरेत चमक निघाली. तसाच वाकून राहिलो. पोपटराव म्हणाला, ढेप जीपमधी टाका, कुणाला कळतंय? अनिस म्हणाला, मी बघत न्हाई. पण मी सरकारी नोकर आहे. दिवसभरात एवढं झाल्यावर आता खोटं करायचं मला जिवावर आलं.

सुलक्षणा पुढं आली. कुणीतरी माझ्या खांद्यावर टाकलेलं उपरणं तिनं काढून घेतलं, त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि एका झोकात ढेप वर घेतली. "ह्ये आमचंच रान हाय," ती म्हणाली. "इथं मी लहानपणी काय काय वाहिलंय ते म्हाईत न्हाई तुमाला. चला."

आणि चालायला लागली. साध्या चपला, डोक्यावर ढेप, हात मोकळे. मी आणि सायली मागं. थोड्या वेळानं सायली मला धरून चालायला लागली, कारण सुलक्षणा दिसेनाशी होत होती. ती वळणावर थांबायची, आम्हाला बघायची आणि परत निघायची. धापसुद्धा नाही. बांधावरच्या बायका तिला हाका मारत होत्या, ती ढेपेखालून हसून उत्तर देत होती. इतक्या वर्षांत मी तिला अशी चालताना बघितलंच नव्हतं. ती नेहमी माझ्यामागून चालते असं मी धरून चाललो होतो. माझ्या वेगानं चालायचं म्हणून ती मागं राहत होती, हे तेव्हा कळलं. मला फार लाज वाटली आणि फार अभिमान वाटला. दोन्ही एकदमच वाटलं.

रात्री व्हिडिओ गेला. दोन दिवसांनी ट्रेकवाल्यांचं उत्तर आलं. सायलीनं ते मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. मी म्हणालो, वाच, मी ऐकू शकतो. त्यांनी लिहिलं होतं की अर्जदाराची जिद्द दिसली, परंतु एवढ्या थंडीत आणि उंचीवर त्यांना नेण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. मात्र शेवटच्या भागात डोक्यावर वजन घेऊन पुढं चालणाऱ्या बाई कोण आहेत? त्यांची इच्छा असल्यास त्यांचं नाव कळवावं.

पोपटराव तिथंच बसला होता. त्यानं नेहमीसारखी छाती पुढं काढायला घेतली होती, ती अर्ध्यावर राहिली.

आम्ही सगळे स्वयंपाकघराकडं बघायला लागलो. सुलक्षणा हात पुसत बाहेर आली. "मी त्याच दिशी म्हणलं हुतं, मी जाते म्हणून," ती म्हणाली. "तुमच्यापैकी एकानं तरी ऐकलं का?"

या वेळी कुकर लावलेला नव्हता. मी म्हणालो, "सायले, आईचं नाव कळव."

जानेवारीच्या शेवटी दोघी गेल्या. मी त्यांना पुण्याच्या स्टेशनवर सोडलं, डब्याची दारं नीट लागतात का बघितलं, आबांचा पट्टा देऊ केला आणि तो सुलक्षणानं परत केला. तिकडं बर्फात काय खात असतील, पाय घसरला तर, श्वास लागला तर, अशा काळज्या करत मी घरी बसलो. मुक्ताचा प्रचार सुरू होता. वाटेवरच्या त्या डीपीसाठी मी एक अर्ज लिहून दिला आणि दोनदा स्वतः जाऊन चौकशी केली, कारण 'बघतो' म्हणालो होतो. पोपटरावानं उपकाराची फेड म्हणून नवी ढेप पाठवली होती, आचारसंहिता असल्यामुळं कोऱ्या कागदात.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. चित्र थांबत होतं, पुढं सरकत होतं. सुलक्षणाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, त्यावरून पदर, नाक लाल झालेलं. मागं सगळं पांढरं. बाजूला सायली हात हलवत होती. "बघा," सुलक्षणा म्हणाली, आणि तिनं फोन हळूहळू सगळीकडं फिरवला. डोंगर, आभाळ, आणि बर्फातून आलेली दोघींची पावलं. "दिसतंय का? मी वर आलीया. सगळ्यांच्या आधी."

काहीतरी बोलायचं होतं मला, बरंच काही. पण शब्द बाहेर येईनात. डोळे भरून आले होते आणि गालात गुळाचा मोठा खडा होता.

सुलक्षणा पडद्याजवळ आली. मला निरखून बघितलं.

"आधी गिळा," ती म्हणाली, "मग बोला."